हात खाली

मंगळवार, १७ जून

खोली मिळाली. जिन्याखालची. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, दोन फुटके फुटबॉल आणि गेल्या स्नेहसंमेलनातला थर्माकोलचा किल्ला. मुख्याध्यापक शेषेराव सर स्वतः दाखवायला आले. "उज्वला मॅडम, ही तुमची केबिन. पोती आठ दिवसांत हलवतो." हे ते मागच्या जूनमध्येही म्हणाले होते. किल्ला तेवढा नवीन आहे.

मग दारातच उभे राहून मुद्द्यावर आले. सातवीत एक मुलगी नवीन आली आहे, अंबिका. जळकोटकडच्या खेड्यातली. वडील नव्या मोंढ्यात हमालीला लागले म्हणून सगळं घर नांदेडला आलं. मुलीला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. "लातूरला मुक्यांची शाळा हाय म्हणतात. राहायला, खायला, सगळं फुकट. तिथं का पाठवून देत न्हाईत तिला? तुम्हालाबी तकलीफ न्हाई, आम्हालाबी न्हाई."

मी म्हटलं, सर, मुके नाही, कर्णबधिर. आणि घराजवळच्या शाळेत, सगळ्या मुलांबरोबर शिकायचा तिला हक्क आहे. कायदा आहे तसा.

"हक्काचं बरोबर हाय हो. पण आमच्या निकालाचं काय मग?"

एवढं बोलून गेले. मी पोत्यावर बसून वेळापत्रक केलं. मंगळवार आणि शुक्रवार ही शाळा, बाकीचे दिवस दुसऱ्या दोन शाळा. कंत्राटी विशेष शिक्षिकेला प्रत्येक शाळेत चहा मिळतो, खुर्ची कुठेच मिळत नाही. चहा मात्र इथला बरा असतो.

शुक्रवार, २० जून

अंबिका भेटली. तेरा वर्षांची. दोन वेण्या, उजव्या गालाला खोल खळी. डोळे असे की भिंतीवरची पाल हलली तर वर्गात सगळ्यांत आधी हिला दिसावी.

नाव विचारलं. तर दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगायला लागली — बोटं, भुवया, खांदे, सगळं एकदम. मी तिचे हात धरून हळूच बाकावर टेकवले. हात खाली. माझ्या ओठांकडे बघ. तोंडाने सांग.

आम्हाला कॉलेजात हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. खुणांची सवय लागली की मूल बोलायचा कंटाळा करतं. इतकी वर्षं मी तेच करत आले आहे आणि माझी मुलं बोलतात. सगळी नाही, पण बोलतात.

पोर हुशार आहे. समजलं का म्हटलं की मान हलवते. रोज येशील? मान. अभ्यास करशील? मान. तासभरात हात पुन्हा पुन्हा वर येत होते, मी पुन्हा पुन्हा खाली ठेवत होते. शेवटी शेवटी धरावेही लागले नाहीत. लांबूनच दोन्ही तळवे हवेत खाली दाबून दाखवले की ती हात मांडीवर ठेवायची. पहिल्या दिवसाच्या मानाने खूप झालं.

मंगळवार, १ जुलै

अंबिकाचं मशीन आजीच्या कानात!

शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र ती शाळेत लावून येत नाही, म्हणून आज घरी गेले. जुन्या कौठ्यात दोन खोल्या. आई सिंधु चार घरचं काम उरकून नुकतीच आलेली. दारात बाजेवर आजी — केवळाबाई — आणि मशीन तिच्या कानात. कानात बसणारा साचा नातीच्या मापाचा, म्हणून बाईंनी त्याला चिंधी गुंडाळून तो घट्ट बसवलेला.

आजी, हे लेकराचं आहे ना?

"हाव. तिनंच दिलं. तिला नको वाटून राहिलं ते, डोकं धरून बसती. मला लई भारी ऐकू येतं बघा. शेजारीण आत काय बोलायली तेबी कळतं."

यंत्र काढून घेतलं, साचा पुसला, अंबिकाच्या कानात लावला. तिने डोळे मिटून घेतले. सवय नाही म्हणून होतं तसं. आजीचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं.

मी येण्याआधी दोघींचं बाजेवर काय चाललं होतं तेही दाराआडून पाहिलं. नुसते हात. शेजारीण कशी चालते, दूधवाला कसा भांडतो, सगळं हातांनी, आणि पोरगी मोठ्याने हसत होती. इथेच तर पाणी मुरतंय! सिंधुताईंना नीट समजावून सांगितलं. घरात खुणा बंद. आजीच्यासुद्धा. काही हवं असलं तर तोंडाने मागेल. नाही मागितलं तर द्यायचं नाही.

"पाणीबी?"

पाणीसुद्धा. तहान लागली की आवाज निघतो.

"तुम्ही शिकलेल्या हाव मॅडम. तुम्ही म्हणताव तसं."

शुक्रवार, १८ जुलै

पोती हलली नाहीत. वाढली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गणिताचे सुदर्शन सर अंबिकावर बेहद्द खूश आहेत. "तिचं काही टेन्शनच न्हाई मॅडम. समजलं का म्हटलं की मान हलवती. बाकीचे तोंड वर करून न्हाई म्हणतात."

तिची वही बघितली. मोत्यासारखं अक्षर. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं: तारीख, पट, हजर, गैरहजर, उदाहरण. त्याखाली, तेवढ्याच सुंदर अक्षरात, 'बडबड करणारे' आणि पाच मुलांची नावं. मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली. सरांनी खाली लाल पेनाने 'छान' लिहून सही केली आहे.

मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अक्षर चांगलं हाय, ते बघा की." असल्या माणसांपुढे डोकं फोडून काय उपयोग. मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे बी.एड. झालेल्या माणसाला कुणी सांगायचं?

मंगळवार, २६ ऑगस्ट

सिंधुताई शाळेत आल्या. आत येईनात, जिन्याजवळच उभ्या.

"मॅडम, पोरगी आता आम्हाला काहीच सांगत न्हाई. येती, जेवती, भिंतीकडं तोंड करून बसती. आधी लई सांगायची हातानं, कोण पडलं, कुणाला मार बसला. आता आजीजवळबी जात न्हाई. आजी तर नुसती रडायली."

मी म्हटलं, सुरुवातीला असं होतंच. बोलणं यायच्या आधीची शांतता आहे ती. आता ढिलं सोडलं तर सगळं वाया जाईल. तुम्ही नेटाने धरा, मी आहे.

"हाव," म्हणाल्या. मान हलवून गेल्या. मायलेकी अगदी सारख्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पाणी!

आज ती 'पाणी' म्हणाली. आरसा समोर, तिचा एक हात माझ्या गळ्यावर, एक स्वतःच्या. 'प' महिनाभर येत होता, 'णी' काही केल्या येईना. आज आला. घोगरा, अर्धा नाकातून, पण आला. मी पोत्यावर बसून रडले. खरंच रडले. ती माझ्याकडे घाबरून बघत होती, आपलं काही चुकलं की काय म्हणून. मग मी हसले तर तीही हसली.

तशीच धावत ऑफिसात गेले. शेषेराव सर टाइल्सवाल्याशी बोलत होते. सर, अंबिका पाणी म्हणाली!

"मग द्या की पाणी," सर म्हणाले.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदनाला आले. सरांचं भाषण लांबलं, तीन पोरांना चक्कर आली. भाषणात स्वातंत्र्य हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी शिपाईही टाळ्या वाजवायला कंटाळला.

नंतर मला बाजूला घेतलं. तीन डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला वरचे साहेब आपल्याच शाळेत येणार आहेत. "तुमचं ते पाणी साहेबांपर्यंत गेलं बरं का. आपल्या पोरीला जरा बोलतं करा. एक वाक्य बास."

जूनमध्ये ती 'मुक्यांच्या शाळेतली' होती. आता आपली पोरगी झाली. पाव्हण्यांच्या आधी घर झाडतात, तसं चाललंय. पण चांगल्या कामाला कुठल्याही कारणाने हातभार लागला तरी मला चालेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वाक्य ठरलं. 'माझं नाव अंबिका. मला माझी शाळा खूप आवडते.' दुसरा भाग सरांचा. 'खूप' त्यांनी मागाहून घातला.

'खू' फार त्रास देतो. शिवाय बोलता बोलता हात वर येतात. मी लांबून तळवे दाबून दाखवते, पण स्टेजवर ते कसं करणार? तोडगा काढला: तिच्या दोन्ही हातांत पुष्पगुच्छ द्यायचा. बोलून झालं की तोच साहेबांना.

बुधवार, ३ डिसेंबर

साहेब दोन तास उशिरा आले. तोवर आमची दिव्यांग मुलं उन्हात बसून दिव्यांगांविषयीची गाणी ऐकत होती. माझ्या खोलीला फीत बांधली, वर 'संसाधन कक्ष' असा फलक. पोती तिथेच, त्यांच्यापुढे थर्माकोलचा किल्ला उभा केला. साहेबांनी फीत कापली, किल्ल्याचं कौतुक केलं.

मग अंबिका. पिवळा फ्रॉक, हातांत गुच्छ, कानात मशीन. मी पहिल्या रांगेत, ओठ हलवत. म्हणाली! सगळं म्हणाली, 'खूप'सकट. टाळ्या थांबेनात. साहेबांनी डोळे पुसले. शेषेराव सरांनी त्यांच्यापेक्षा जास्त पुसले. फोटोत अंबिकाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सर. माझं नुसतं कोपर आलं आहे.

असू दे. मला आज फार अभिमान वाटला. पंधरा वर्षांत असा दिवस आला नव्हता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

व्यंकटी आला होता, अंबिकाचा बाप. मोंढ्यातून थेट, अंगावर हळकुंडांची धूळ. टोपी काढून उभा.

"कार्यक्रम लई झकास झाला मॅडम. सगळ्या मोंढ्यात पेपरातला फोटो फिरला. पण घरी ती एक शब्द बोलत न्हाई. जेवायलाबी बोलवावं लागतं. मोठे सर जूनमध्ये लातूरच्या शाळंचं म्हणले होते, तवापसून डोक्यात हाय. एकदा बघून यावं का?"

डोक्यात तिडीक गेली. सहा महिने मी रक्त आटवायचं आणि हा म्हणतो बघून यावं! मग विचार केला, बघू दे. एकदा होस्टेल डोळ्यांनी पाहिलं की आपोआप गप्प बसेल. म्हटलं, मीच येते बरोबर.

शनिवार, १३ डिसेंबर

सकाळच्या एसटीने गेलो. व्यंकटी, सिंधुताई, अंबिका आणि मी. लोह्यापासून चाकूरपर्यंत मी व्यंकटीची तयारी करून घेत होते. इतक्या पोरींवर एक बाई लक्ष ठेवणार. जेवण रोजचं तेच. आणि मुख्य म्हणजे तिथे सगळे खुणांनीच बोलतात, आपली सगळी मेहनत पाण्यात जाईल. तो "हाव, हाव" करत खिडकीबाहेर बघत होता.

होस्टेल माझ्या अपेक्षेइतकं वाईट निघालं. वर पत्रे, दोरीवर ओले कपडे, सगळीकडे वरणाचा वास. मला बरं वाटलं.

मग मधली सुट्टी झाली. मुलं मैदानात आली आणि सगळ्यांचे हात वर. कुणी भांडतंय, कुणी नकला करतंय, कुणी लांब झाडाखालून पार दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीशी बोलतंय. अंबिका माझ्या शेजारी उभी. आधी तिने माझ्याकडे बघितलं. एक लहानशी पोरगी पुढे आली, तिने हिला हातांनी काहीतरी विचारलं. अंबिकाचे हात वर आले. माझे तळवे सवयीने दाबायला निघाले, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

तिच्या खुणा वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या. तिच्या म्हणजे बाजेवरच्या केवळाबाईंच्या. तरी थोड्या वेळात चेष्टा सुरू झाली. आणि ती हसली, मोठ्याने. जुलैत दाराआडून ऐकलं होतं तेच हसू. सिंधुताई तोंडाला पदर लावून बघत होत्या. "हीच ती," म्हणाल्या. "आधीची."

तिथले मन्मथ सर स्वतः कर्णबधिर आहेत. आमच्यासारख्यांशी मोबाइलवर टाइप करून बोलतात. त्यांनी सांगितलं, इथे प्रत्येकाला हाताचं नाव असतं. माणसाची जी गोष्ट सगळ्यांत आधी लक्षात येते तीच खूण त्याचं नाव होते. त्यांचं नाव म्हणजे मिशीला पीळ. अंबिकाला मुलींनी जेवणाआधीच दिलं: गालाच्या खळीत बोट फिरवायचं. ती ते परत परत करून बघत होती.

मलाही काहीतरी दाखवायचं होतं. मी तिला पुढे उभी केली आणि वाक्य म्हणायला लावलं. म्हणाली, 'खूप'सकट. मन्मथ सरांनी ओठ बघितले. मग तिला हातांनी विचारलं, या म्हणण्याचा अर्थ काय. वेगवेगळ्या तऱ्हांनी, बराच वेळ. शेवटी टाइप केलं: 'आपलं नाव तिला कळतं. पुढचं काय आहे ते माहीत नाही. ती विचारते, हे म्हटलं की लोक टाळ्या का वाजवतात?'

मी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला.

त्यांनी तिला विचारलं, तिकडची शाळा आवडते? तिने मान हलवली, नेहमीसारखी. ते थांबले. पुन्हा विचारलं, सावकाश. हातांनी बाक दाखवले, फळा दाखवला, मी दाखवली. अंबिकाने एकदा माझ्याकडे बघितलं. आणि नाही म्हणाली. हातांनी, मानेने, सगळ्या अंगाने. मग मैदानाकडे बोट केलं, पाय जमिनीवर आपटला: इथे.

सहा महिन्यांत तिने मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण 'नाही' का म्हणणार नाही ती? सुदर्शन सरांसारखे शिक्षक, पोत्यांची खोली आणि शेषेराव सरांचं 'खूप'. त्या शाळेत कुणाला आवडेल?

रविवार, १४ डिसेंबर

ठरवलं. तिला लातूरला पाठवायचं. माणसाने स्वतःच्या मतापेक्षा मुलाकडे बघावं.

मंगळवार, १६ डिसेंबर

सरांकडे दाखला मागितला. खुर्चीतून उठलेच. "असं कसं मॅडम? घराजवळच्या शाळेत, सगळ्या लेकरांबरोबर शिकायचा हक्क हाय तिला. कायदा हाय तसा!"

मी म्हटलं, सर, तिथे राहायला, खायला, सगळं फुकट आहे. तुम्हालाही तकलीफ नाही.

बोलताना माझं मलाच हसू येत होतं. त्यांना अजिबात आलं नाही. ती शाळेची शान आहे म्हणाले, जानेवारीत तपासणीचं पथक येणार आहे, सगळ्यांत आधी तिला बघणार.

मग मी विचारलं, पथकाने दुसरं वाक्य म्हणायला सांगितलं तर? तिला एकच येतं.

सरांनी ड्रॉवरमधून दाखल्याचं पुस्तक काढलं. दाखल्यावर सही झाली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आता घरचे मागे सरले. व्यंकटी तयार, पण सिंधुताई म्हणतात, पोर वयात आली, परगावी कशी ठेवू. दोन तास घातले. होस्टेलच्या बाईंचा फोन नंबर, दर महिन्याला भेट, मुलींची वेगळी इमारत, सगळं सांगितलं. होस्टेल किती चांगलं आहे हे मी इतकं रंगवून सांगितलं की व्यंकटी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एसटीत यानेच माझं उलटं ऐकलं होतं.

केवळाबाई मधेच म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. पण मशीन नेणार हाय का ती?"

अंबिकाला विचारलं. तिने कानातून काढलं आणि आजीच्या हातावर ठेवलं. आजीने चिंधी कनवटीला जपून ठेवली होती.

सोमवार, ५ जानेवारी

सोडून आले. पत्र्याची पेटी, नवी चादर, खाऊचा डबा. सिंधुताई रडल्या, व्यंकटी रडला, मीही. अंबिका नाही. फाटकातून आत गेली ती मागे न बघता.

मन समाधानी आहे. इतरांनी तिला शोभेची वस्तू केली. शेवटी तिला तिच्या जागी नेलं कुणी? हे मी स्टाफरूममध्येही बोलून दाखवलं. सुदर्शन सरांनी मान हलवली.

मुली मला काय नाव देतील कुणास ठाऊक. बहुधा चष्मा.

शनिवार, २८ फेब्रुवारी

लातूर. केवळाबाईंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू पोचवायला गेले. अंबिका मैत्रिणींना घेऊन धावत आली. गाल भरलेत. मी मोबाइलवर टाइप करून मन्मथ सरांना विचारलं, माझं नाव ठेवलं का मुलींनी? ते जरा घुटमळले. मग लिहिलं: 'अंबिकाने पहिल्याच आठवड्यात ठेवलं. सगळ्यांना माहीत आहे.'

मी चष्म्याला हात लावून दाखवला. ती हसून नाही म्हणाली. माझ्याकडे बोट केलं, आणि दोन्ही तळवे हवेत खाली दाबले. मागोमाग सगळ्या मैत्रिणींनीही. रागाने नाही. मी तिला अंबिका म्हणते, तितक्याच साधेपणाने.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. तोंडाने बोलले असते तर तिने मान हलवली असती. हातांनी कसं सांगायचं ते मला येत नाही. मी तशीच उभी राहिले, हात खाली.